संतोष तावडे, हजर

आमच्या मंडळींकडे केसचे कागद जेवढे आहेत, त्याच्या दुप्पट किस्से आहेत. कागद फायलीत राहतात. किस्से कुठे ठेवायचे, म्हणून एकमेकांना सांगत बसतो.

मंडळी म्हणजे खोट्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कामगार आणि त्यांच्या घरचे. दर रविवारी सकाळी भांडुपच्या एका बुद्धविहारात जमतो. सगळं चालवतात कांबळे काका. ते स्वतः जाळपोळीच्या खोट्या केसमध्ये दोन वर्षं आत राहून निर्दोष सुटलेत. कोणाला कोर्टाच्या कुठल्या खिडकीवर पाठवायचं ते त्यांना तोंडपाठ.

माझा मोठा भाऊ संतोष मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथून तांब्याच्या तारेचं चाळीस किलोचं रीळ गायब झालं. त्या दिवशी सेकंड शिफ्टला दादा आणि त्याचा जोडीदार सुर्वे होते. दोघांना चोरीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील केलं. सुर्वेला जामीन मिळाला. दादाचा जामिनाचा अर्ज कोर्टाच्या बोर्डावर यायच्या आधीच तो तुरुंगात न्यूमोनियाने गेला. मला एवढंच पाहिजे होतं, की त्याच्या नावाला चिकटलेला चोर हा शब्द निघावा. बाकी सगळं नंतर.

•

काका हजेरी घेतात. युनियनची जुनी सवय. जो आला तो 'हजर' म्हणतो. जो तुरुंगात, त्याच्या वतीने घरचं माणूस 'आत' म्हणतं. दादासाठी मी म्हणायचो, 'आत.'

दादाच्या तेराव्यानंतरचा पहिला रविवार. काकांनी पुकारलं, "संतोष तावडे."

मी खुर्ची ढकलून उठलो. "काका, तेराव्याला जेवून गेलात ना तुम्ही?"

"गेलो. दोनदा भात घेतला." चष्मा वर न करता म्हणाले. "पण कोर्टात त्याचं अपील अजून आहे. ते आहे तोवर मी नाव खोडत नाही. आत का हजर, ते तू सांग."

रजिस्टर फाडायलाच निघालो होतो. पण आत तर तो नव्हता.

"हजर," मी म्हणालो.

काकांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. तेव्हापासून दादाची एक पण गैरहजेरी नाही. जिवंत असताना शाळेत त्याला हे कधी जमलं नव्हतं.

•

वकील मॅडम म्हणाल्या, माणूस मेला की अपील बंद पडतं. पण सख्ख्या भावाने महिन्याच्या आत अर्ज केला तर कोर्ट ते पुढे चालवू शकतं. मी त्याच दिवशी खिडकीवर. मी आठवी नापास, फॉर्म भरताना घाम फुटतो.

क्लार्क म्हणाला, "अपीलकर्त्याची सही?"

"तो वारला."

"मग अर्ज कशासाठी?"

"तो वारला म्हणूनच."

"बरं. त्याचा सध्याचा पत्ता टाका. रकाना रिकामा चालत नाही."

माझं डोकं फिरलं. अस्थी आम्ही मनोरीच्या खाडीत सोडल्या होत्या. मी लिहिलं, 'मनोरीची खाडी.' म्हटलं, आता हा भडकेल, मग मी पण बघतो.

त्याने शांतपणे वाचलं. म्हणाला, "पिनकोड राहिला."

•

पोलिसांचं म्हणणं, दोघांनी रीळ भिंतीवरून बाहेर टाकलं. मॅडम सहज बोलून गेल्या, "चाळीस किलो, आठ फूट भिंत. शक्य आहे का हे?"

मी सुर्वेला म्हटलं, चल, करून बघू. सुर्वेला हर्निया, तरी आला. घाटकोपरला त्याच्या बिल्डिंगच्या मागची भिंत तेवढीच उंच. चाळीस किलो वाळूची गोणी घेतली. तीन वेळा चढवली, तिन्ही वेळा माझ्या अंगावर आली. चौथ्या वेळी शिट्टी वाजली. वॉचमनने पोलीस बोलावले.

हवालदाराने विचारलं, "काय चाललंय रे?"

सुर्वे कंबर धरून म्हणाला, "साहेब, चोरी करता येत नाही हे सिद्ध करतोय."

चौकीत आमचा जबाब घेतला, गोणी भिंतीवरून जात नाही असा. मॅडम फोनवर ओरडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "कॉपी मिळते का बघ."

•

रीळ सापडलं. कारखान्यातच. जुनं मशीन क्रेनने उचललं, तर खालच्या खड्ड्यात बसलं होतं. कोर्टाला कोणी कळवलं नाही. मात्र कारखान्यात स्वच्छता स्पर्धा चालू होती. ज्याला रीळ मिळालं त्याला पहिलं बक्षीस दिलं. हार घातलेला कामगार, मागे मॅनेजर, मध्ये रीळ, असा फोटो नोटीस बोर्डावर लावला.

क्रेनवाला काकांच्या ओळखीचा. त्याने मोबाइलवर फोटो काढून आणला. रिळावरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर साफ वाचता येत होता. एफआयआरमध्ये होता तोच.

मॅडमनी फोटो मोठा करून कोर्टात लावला. सरकारी वकिलांनी जवळ जाऊन फोटो बघितला. मग हळूच म्हणाले, "अभिनंदन कोणाचं करायचं?"

•

दोघं निर्दोष. ऑर्डरमध्ये सुर्वेचं झाल्यावर दादाचं: दुसऱ्या गुन्ह्यात हवा नसल्यास त्यास ताबडतोब सोडावे. मॅडम म्हणाल्या, टायपिस्टकडे साचा असतो, दुरुस्त करून घेऊ. तोवर ऑर्डर तुरुंगात पोचली. तुरुंगाने आमच्या भागातल्या चौकीला लिहिलं, सदर बंदी आमच्याकडे आढळत नाही. चौकीने नवीन हवालदार आमच्या चाळीत पाठवला.

"संतोष तावडे सुटून घरी आला का?"

मी अंगावर जाणार, तेवढ्यात आई मध्ये आली. आमची आई अजून मालवणीच बोलते. तिने विचारलं, "म्हणजे तेका सोडल्यानी?"

"हो मावशी. निर्दोष आहे. ऑर्डर झालीय."

"भायर येवन मोठ्यान सांगा."

बिचारा गॅलरीत उभा राहून मोठ्याने बोलला. "संतोष तावडे निर्दोष आहे." दारं उघडली. वरच्या मजल्यावरचे वाकून बघायला लागले. आई म्हणाली, "वरच्यांका आयकाक नाय इला." तो परत बोलला. मग तिने त्याला चहा दिला, सोबत खोबऱ्याची वडी.

•

पुढच्या रविवारी आई पहिल्यांदा माझ्याबरोबर भांडुपला आली. मागे बसली.

काका हजेरी घेत दादाच्या नावापर्यंत आले आणि थांबले. अपील संपलं होतं. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र मॅडमनी टाकला होता, तो अजून चालू. नाव ठेवायचं की खोडायचं, हे त्यांनाही कळेना. शेवटी सवयीने पुकारलं.

"संतोष तावडे."

मी खुर्चीवरून अर्धा उठलो. सुर्वे माझ्याकडे बघत होता.

मागून आई म्हणाली, "तो घराक गेलो."

काकांनी ते तसंच्या तसं रजिस्टरमध्ये लिहिलं. पान उलटलं.

"सुर्वे."

"हजर."