पाण्यानं न जाणारे पत्ते

देवरावभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातमोजे घालून टेबलाशी उभी होते. मदतनीसाने फोन माझ्या कानाला धरला. देवरावभाऊंच्या पत्नीने, सुमनबाईंनी, एवढंच सांगितलं की सकाळी गाडी धुतली, ओट्यावर चहा प्यायला बसले आणि तिथेच कलंडले. समोरच्या कुत्रीचे टाके अर्धे झाले होते. ते पूर्ण केले, कारण टाके अर्धवट सोडता येत नाहीत, आणि मग मागच्या अंगणात जाऊन रडले. त्याला आता दीड महिना झाला.

हिंगणा रस्त्याला आमचं केंद्र आहे. मोकाट कुत्री आणायची, त्यांची नसबंदी करायची, चार दिवस सांभाळायची आणि जिथून उचलली तिथेच नेऊन सोडायची, हे आमचं काम. ही शेवटची अट फार महत्त्वाची असते. कुत्र्याला गल्ली असते. दुसऱ्याच्या गल्लीत सोडलं तर तिथली टोळी त्याला फाडून ठेवते, आणि माझी शिवण वाया जाते ती वेगळीच. कापणं-शिवणं माझ्याकडे होतं, आणणं-सोडणं देवरावभाऊंकडे. ते मूळचे खाप्याचे. वीसेक वर्षं त्यांनी त्यांच्या पिकअपमधून बुटीबोरीला सुताचे गठ्ठे वाहिले होते. आमच्याकडे आले तेव्हा मी जरा आढ्यतेनेच विचारलं होतं की कुत्र्यांची सवय आहे का. ते म्हणाले, "गठ्ठ्यायची हाय. गठ्ठाही बोलत नाई, कुत्रंही बोलत नाई. पन कुत्र्याले लागते, एवढाच फरक."

आणि तो फरक ते कधी विसरले नाहीत. गाडीत रबरी चटई, तिच्यावर पोती. पिंजरे आडवे लावून दोरीने असे आवळलेले की वळणावर इंचभर सरकू नयेत. दोन पिंजऱ्यांच्या मध्ये गोणपाट, कारण एकमेकांची तोंडं दिसली की वाटभर भांडण. वरून ताडपत्री नाही, रोपवाटिकेला लावतात ती हिरवी जाळी, म्हणजे सावलीही राहते आणि वाराही. सकाळी कुणी लाडाने पोळी टाकली तर ओरडायचे, भरल्या पोटी कुत्रं गाडीत ओकतं म्हणून. मे महिन्यात पिंजरे चढवण्याआधी स्वतः चपला काढून गाडीत अनवाणी उभे राहायचे. त्यांच्या पायाला चटका बसला की पुन्हा पाणी मारायचं, पुन्हा उभं राहायचं. एकदा मी घाई केली तर म्हणाले, "तुमी येऊन उभ्या राहा ना बाई." मी काही गेले नाही.

आमचं वाजायचं ते फक्त स्वच्छतेवरून. मला स्वच्छतेचा रोगच आहे म्हणा ना. फिनाईलचा वास आल्याशिवाय जागा धुतली असं मला वाटत नाही. त्यांना फिनाईल चालायचं नाही. कुत्र्याच्या नाकात ते मिरचीसारखं जातं, असं त्यांचं म्हणणं. ते साध्या पाण्याने, ब्रशने, कोपरा न् कोपरा घासायचे, गाडी उन्हात वाळू द्यायचे आणि शेवटी पाइपचं नीट वेटोळं करून खुंटीला अडकवायचे. मी पाइप वापरला की होता तिथे टाकून जायची. त्यावरून ते कधी काही बोलले नाहीत, उचलून लावायचे फक्त...

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुत्रं उचललं की देवरावभाऊ पिंजऱ्याच्या पुढच्या पत्र्यावर खडूने जागा लिहायचे. 'मानेवाडा, पिंपळापाशी.' 'प्रतापनगर, इस्त्रीवाल्यासमोर.' तोच पिंजरा उतरवून शेडमध्ये ठेवायचा, चार दिवस कुत्रं त्यातच. दुसऱ्या दिवशी पाहणीला माणसं येणार होती आणि देवरावभाऊ जेवायला घरी गेले होते. मी पाइप घेतला, फिनाईल घेतलं आणि कुत्र्यांवर थेंब उडू न देता सातही पिंजऱ्यांचे पत्रे लख्ख धुऊन काढले. पुसून झाल्यावर दोन पावलं मागे सरून कौतुकाने पाहिलं, तेव्हा कळलं की मी सात जणांचे पत्ते पुसले आहेत.

नोंदवहीत सात जागा होत्या, पण कुत्र्यांचं वर्णन 'तपकिरी, मध्यम' एवढंच, आणि निम्मं नागपूर तपकिरी, मध्यम कुत्र्यांचं आहे. गाडी-पिंजरे धुणारे तेच, म्हणून संध्याकाळी व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर देवरावभाऊंना फैलावर घेतलं. खडूने कुणी पत्ता लिहितं का, अक्कल आहे का, वगैरे. ते मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, चूक झाली साहेब. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंडातून शब्द निघाला नाही. नवी होते, नोकरी हवी होती, ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी फक्त भ्याले.

मग तीन दिवस ते सातही पिंजरे घेऊन शहरभर फिरले. दुसऱ्या दिवसापासून मीही बरोबर गेले. नोंदवहीतल्या जागी जायचं, गाडी बंद करायची, जाळी वर करायची आणि गप्प बसून पाहायचं, कोण उठतं. मानेवाड्याला पिंपळ दिसताच एक जण उठून पत्र्याला नाक घासायला लागला. प्रतापनगरला एकीने असा गळा काढला की इस्त्रीवालाच धावत आला. असे सहा घरी लागले. सातवी एक लंगडी मादी, आणि उरलेली जागा उड्डाणपुलाखालची. तिथल्या झोपड्या एव्हाना उठल्या होत्या. तासभर थांबलो. ती पडूनच राहिली. मी म्हटलं, सहा गेले, जागा एकच उरली, म्हणजे ही इथलीच.

"हिशेबानं बरोबर हाय बाई," ते म्हणाले. "पन थे उठली नाई."

त्यांनी जाळी खाली केली आणि तिला स्वतःच्या घरी नेलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तेलाच्या डब्याचे पत्रे कापून बिल्ले केले, खिळ्याने ठोकून त्यांवर जागा लिहायला लागले आणि तारेने पिंजऱ्याला बांधायला लागले. मला दाखवत म्हणाले, "पाण्यानं जात नाई आता." मी छान आहे म्हटलं. सांगायचं तेव्हाही राहिलं. मग रोज राहत गेलं. आज नको, दिवाळीनंतर, जरा निवांत... चार वर्षं असा निवांतपणा मला सापडला नाही.

ते गेल्यावर बारा-एक दिवसांनी त्यांच्या घरी गेले. अंगणात पिकअप उभी होती, तिच्या सावलीत ती लंगडी. मी सुमनबाईंना सगळं सांगून टाकलं, त्यांना सांगून काय उपयोग हे कळत असूनही. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्याहीले मालूम होतं, बाई," त्या म्हणाल्या. "त्याच रोजी घरी येऊन सांगतलं. पाइप खाली पडून होता म्हने. पाइप न गुंडाळनारं तिथं एकच मानूस हाय."

मला बोलले का नाहीत मग, मी विचारलं.

"म्हने, त्या सांगतीन कधीतरी. वाट पाहून राह्यले होते."

मला फार लाज वाटली. अजून वाटते. रागावले असते तर फिटलं असतं. निघताना लंगडी उठून जवळ आली. तिच्या गळ्यात तारेत ओवलेला बिल्ला होता, खिळ्याच्या ठिपक्यांनी लिहिलेला: 'देवरावचं घर'.

आता दुसरे ड्रायव्हर आले आहेत. बिल्ले कशाला, खडूने लिहिलं तर चालेल ना, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं. व्यवस्थापकही होते. मी सांगितलं की चार वर्षांपूर्वी ते पत्ते देवरावभाऊंमुळे नाही, माझ्यामुळे गेले. फिनाईल मी बंद केलंय. संध्याकाळी शेड धुऊन झाली की पाइपचं वेटोळं करून खुंटीला लावते. त्यांच्यासारखं बसत नाही, एक पीळ बाहेर लोंबतोच. मग काढून पुन्हा गुंडाळते.