मुरलेलं खत आणि कांद्याची पात

माझा भाऊ नरडाण्याकडे डुकरं पाळतो. लोक नाकं मुरडतात, पण त्याच्या हौदातलं खत मागायला तेच पुढे! दोंडाईच्याजवळ आमचं घर मळ्यातच आहे, तिथं मीही आणवलं. ताजं नव्हतं, कितीतरी महिने साठवलेलं. "अक्का, बठ्ठं मुरेल शे, काही होत नही," भाऊ म्हणाला. मलाही पटलं. उकिरड्यावरचं शेणखत मुरलं की आपण हातानं पसरतोच की. कांद्याची पात अशी तरारली, काय सांगू!

हिवाळ्यात लेक माहेरी आली. भरीत केलं. भरितासोबत पात कच्चीच खायची, वाफ्यातून उपटून, माती झटकून. ती धुवायला आमच्याकडे कोण बसतं? काही दिवसांत तिला लघवीला जळजळ सुरू झाली, मग हुडहुडी भरून ताप. दोन औषधं झाली, ताप ढिम्म हलेना. धुळ्याला दाखल केलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. मी पार घाबरले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या जंतूंना नेहमीची औषधं लागू पडत नाहीत, घरी जनावरं आहेत का? मी खताचं सांगितलं. डुकरांना खाद्यातून औषध देता का, त्यांनी सोबत आलेल्या भावाला विचारलं. तो म्हणाला, हो, आजारी पडू नयेत म्हणून देतो. मग बाईंनी समजावलं: औषधाला निर्ढावलेले जंतू विष्ठेत उतरतात. ढिगातलं खत आतून तापतं, तेव्हा बरेच मरतात. हौदातलं पातळ खत तसं तापत नाही, नुसतं साठतं. त्यातले जंतू न धुतलेल्या पातीवरून पोटात जाऊ शकतात, तिथून लघवीच्या वाटेत शिरतात.

"म्हणजे पातीतूनच आलं?" मी विचारलं.

"असेलही, नसेलही. हिनं पूर्वी कधी गोळ्या अर्धवट सोडल्या असतील, तरी असं होतं."

अहो, मग मी धरायचं काय? भावाशी भांडू? पण डुकरं ठणठणीत, तोही ठणठणीत. पात तर आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती, मला साधं पोटही दुखलं नाही. डोकं नुसतं भणभणलं.

शेवटी सलाईनमधून दिलेलं एक औषध लागू पडलं. लेक घरी आली, तोंडाला चव आली तशी म्हणाली, "आई, भरीत कर ना." केलं. ताट पुढ्यात घेऊन तिनं इकडेतिकडे पाहिलं. "पात कुठंय?"

"संपली," मी म्हणाले.

ती उठून दारात गेली. समोर अख्खा वाफा हिरवागार. "ही काय, आई!" म्हणत ती उपटायला वाकली.

"हात लावू नको!" मी इतक्या जोरात ओरडले की तिचे डोळेच भरले. का, म्हणून विचारत राहिली. काय सांगू तिला? मलाच कुठं ठाऊक होतं?