त्यांच्या नावाचा पुकारा

आमच्या ह्यांचा आवाज फार मोठा होता. घरात पाणी मागितलं तरी शेजारच्यांना वाटायचं, भांडण लागलं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी, देवगाव रंगारीला गेलो, तेव्हा पंगतीत त्यांनी भाकरी मागितली आणि माझे वडील दचकून उभेच राहिले. मी लाजेनं अर्धी झाले. "अहो, जरा हळू," हे वाक्य मी संसारात जितक्या वेळा बोलले असेन, तितक्या वेळा दुसरं कुठलंच नसेल. ते हसायचे. म्हणायचे, "दिवसभर मशीनवर वरडून बोलावं लागतं गं. घरी आलं तरी गळा काय उतरत नाय."

ते स्वयंपाकघरातले ओटे बसवायचे. आधी काळ्या ग्रॅनाइटचे, मग लोकांना पांढरेशुभ्र, आरशासारखे चमकणारे ओटे हवेसे वाटू लागले. क्वार्ट्झ म्हणतात त्याला, कारखान्यात तयार होणारा दगड. दुकानातून दगडाची फळी यायची, पण सिंकचं आणि शेगडीचं भोक ज्याच्या त्याच्या घरी जाऊन कापावं लागायचं. पाणी सोडत कापलं तर धूळ कमी उडते, पण चिखल होतो, आणि नव्या घरात चिखल कुणाला चालणार? बायका म्हणायच्या, "भाऊ, कोरडंच कापा, भिंती आत्ताच रंगवल्यात." भाऊ तोंडाला रुमाल बांधून कोरडंच कापायचे. संध्याकाळी दारात उभे राहिले की भुवयासुद्धा पांढऱ्या. मी म्हणायचे, "आलं म्हातारं! आधी मोरीत जा."

खोकला सुरू झाला तेव्हा क्षयाच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्या, खोकला राहिला. मग एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "काम काय करता?" एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आजाराचं नाव सिलिकोसिस. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि फुप्फुस कडक होत जातं. बरं करायचं औषध नाही, म्हणाले, आता ते काम करू नका.

कुणीतरी उस्मानपुऱ्यातल्या एका वकीलबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी दुकानाच्या मालकावर भरपाईचा दावा लावला. मालकानं लेखी उत्तर दिलं की हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. ज्या माणसानं तरुणपण त्या दुकानाच्या फळ्या उचलण्यात घातलं, तो नव्हताच! ओळखपत्र कधी दिलं नव्हतं, हजेरी कधी मांडली नव्हती. जोडीचे कारागीर अजून त्याच दुकानावर होते, त्यांनी आमचे फोन उचलणं सोडलं. त्यांना तरी काय बोलणार, त्यांच्याही घरी चूल पेटायची आहे.

"मग त्यांनाच कोर्टात शपथेवर सांगावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "कुणाकडे काम केलं, कसं केलं, सगळं. आणि ताई, त्यांना बोलता येतंय तोवर हा जबाब व्हायला पाहिजे."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे वळून हळू बोलल्या, पण ह्यांनी ऐकलं. रिक्षात म्हणाले, "बोलण्यात मी कधी कमी पडलो व्हय?" तोपर्यंत त्यांचा आवाज निम्म्यावर आला होता.

घरी आम्ही तालीम करायचो. मी औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानात कामाला आहे. घासाघीस करणारी गिऱ्हाइकं रोज अंगावर घेते, तेव्हा मालकाचा वकील मीच व्हायचे. "कशावरून तुमी तिथं कामाला होता?" मी डोळे वटारून विचारायचे. ते उत्तर द्यायचे, मध्येच हसायचे, आणि हसलं की खोकल्याची उबळ यायची. मग मी तालीम बंद केली.

तारखा पडत गेल्या. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी समोरचा वकील दुसऱ्या कोर्टात. अखेर जबाबाचा दिवस ठरला. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. आम्ही वेळेच्या थोडं आधी पोचलो, आणि लिफ्ट बंद होती.

कोर्ट वरच्या मजल्यावर. वकीलबाई पुढे गेल्या, आम्ही जिना चढायला लागलो. दोन पायऱ्या चढायच्या, कठडा धरून उभं राहायचं. मधल्या वळणावर ते खालीच बसले. तेवढ्यात वर पुकारा झाला. शिपाई दारात येऊन अर्जदाराचं नाव मोठ्यानं पुकारतो आणि अर्जदारानं "हजर" म्हणायचं असतं. आपलं नाव ऐकून ह्यांनी मान वर केली. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आवाज आला नाही.

पुन्हा पुकारा झाला. "हायत! जिन्यात हायत!" मी ओरडले. त्यांनी मला हातानं ढकललं, वर जा म्हणून.

मी धावत वर पोचले तेव्हा वकीलबाई तेच सांगत होत्या. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, अशा अवस्थेत त्यांना चढवू नका, पुढच्या तारखेला आम्ही माणूस घरी पाठवून जबाब घेऊ. मालकाचा वकीलही म्हणाला, हो हो, त्यांना त्रास नको. सगळे इतकं गोड बोलले की मला कुणाशी भांडताच येईना. मी, जी भाजीवालीशीसुद्धा भांडते, हात जोडून बाहेर आले. इतकं लाचार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

हे वळणावरच बसलेले होते. मी पुढची तारीख सांगितली. मग एकेक शब्द वेचून म्हणाले, "मी म्हणलो होतो. हजर म्हणलो होतो. तुला ऐकू आलं नाय?"

"आलं की," मी म्हणाले.

ती तारीख यायच्या आधीच हे गेले.

आता दाव्यावर वारस म्हणून माझं नाव आहे. मालकाचा वकील म्हणतो, मयतानं आमच्याकडे काम केल्याचं शपथेवर कधी सांगितलंच नाही. खरंच आहे, सांगितलं नाही. वकीलबाई कागद चाळत राहतात, मी दुकानातून सुट्टी काढून बाकावर बसून राहते. दाव्याचं काय होईल, त्याही सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

पुकारा मात्र अजून त्यांच्याच नावानं होतो, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते नाव जिन्यातून खालपर्यंत ऐकू जातं. मी उठते आणि छातीत असेल नसेल तेवढा जोर लावून म्हणते, "हजर!"

परवा शिपायानं कानावर हात ठेवला. म्हणाला, "अवो बाई, जरा हळू."