किसनमामांची बाटली

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारे आमचे किसनमामा दर भीमजयंतीला विहारातल्या शिबिरात रक्त द्यायचे. पहिला नंबर त्यांचाच. कोणी पुढे घुसलं तर भांडायचे. यंदा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, आणि रक्ताच्या रिपोर्टात सूज दाखवणारं सीआरपीही वाढलंय म्हणाले. तेव्हापासून मामांना एकच धास्ती, आपलं रक्तच नासलंय.

मी भडकलो. "मामा, हा रोग रक्तातून कोणाला लागत नाही, कितीदा सांगू?"

मामांनी थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"मग रक्त कशाला तपासलं रे? गेल्या वर्षीची माझी बाटली कोणाला चढवली असेल? एखादी बाळंतीण असली, तर तिच्या थरथरत्या हातात पोर असेल ना!"