मी ताट खाली ठेवलं

"रेशमी पट्टुसाडी नेसून या, म्मा. दारात कोलम तुम्हीच काढा. पाहुणे आले की ओवाळायचं."

मॅनेजरनं हे सगळ्यांसमोर सांगितलं, तमिळमध्ये, हसत हसत. तंजावरच्या आमच्या ऑफिसात स्वीडनमधल्या एका कंपनीच्या रजांचं काम चालतं. तिकडचा बाप मूल सांभाळायला महिनोन्‌महिने घरी राहतो आणि त्याचा अर्ज माझ्या टेबलावरून जातो. सात वर्षं हेच करते आहे. नियम तोंडपाठ. आता तिथलीच माणसं आमचं काम बघायला येणार, तर मी दारात.

"आणि काम कोण समजावणार?"

त्यानं माझ्या हाताखालच्या सहकाऱ्याकडे बोट दाखवलं. "तो. पुढं विभागही तोच बघेल. तुमचं बाळ आठ महिन्यांचं. कशाला डोक्याला ताप?"

मॅनेजरचीही दोन मुलं. त्याच्या डोक्याच्या तापाची चौकशी कुणी केली नव्हती. पण लाज सांगते, तांदळाच्या पिठाचा कोलम काढला, आणि चांगला काढला. चार जणांनी फोटोही घेतले.

पाहुणे आले. कुंकवाच्या पाण्याचं ताट ओवाळलं. ते आत बसले, मी ताट घेऊन दाराशीच उभी. त्यातल्या एकानं विचारलं, अर्धी रजा झाल्यावर बापानं नोकरी बदलली तर उरलेल्या दिवसांचं काय करता? सहकारी कागद चाळू लागला. मग माझ्याकडे बघू लागला. मॅनेजरनं मला डोळ्यांनी खुणावलं. ये, आणि त्याच्या कानात सांग.

कानात!

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी आत गेले, ताट मॅनेजरच्या पुढ्यात ठेवलं. लाल पाणी त्याच्या कागदांवर सांडलं. उभ्यानंच उत्तर दिलं, सगळं, मोठ्यानं.

पाहुण्यानं विचारलं, "तुम्ही कोण?"

"हे काम माझं आहे," मी म्हटलं.

पाहुणे गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "माफी लिहून द्या." कागदासाठी मी माझ्या टेबलाचा खण उघडला तर वर एक कोरा अर्ज. नवऱ्याच्या रजेचा. नवराही ह्याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर. बाळ झालं तेव्हा बापाला मिळतात ते मोजके दिवस त्याच्यासाठी घ्यायचे म्हणून मी आणलेला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पुरुषास कशाला गं लीव? तो काय बाळंत होतो?" आणि मी हसले होते. परक्या बापांच्या रजा मंजूर करणारी मी, माझ्याच घरचा अर्ज खणात ठेवून हसले होते. मॅनेजरवरचा राग कमी झाला नाही. स्वतःचाही आला.

माफी लिहिली नाही. माफीसाठी काढलेल्या कागदावर विभागप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज लिहिला आणि मॅनेजरलाच देऊन आले.

घरी नवऱ्यापुढे त्याच्या रजेचा नवा अर्ज ठेवला. "ते दिवस तर बुडाले. पण तुमची हक्काची रजा शिल्लक आहे. महिनाभर बाळ तुमच्याकडे. सही करा."

"अय्यो, हे काय गं नवं!" सासूबाई आतून ओरडल्या.

नवरा म्हणाला, "ऑफिसात हसतील."

"हसू देत. मला दारात उभी केली तेव्हाही हसत होते. तुम्ही वरच्याच मजल्यावर होता."

त्यानं अर्ज पुढं ओढला, पुन्हा एकदा वाचला. मग सही केली. वाकडीतिकडी, पण केली.

माझ्या अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. मॅनेजर बोलत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहुणे येणार आहेत. ताट कुणाला तरी द्यावं लागेल. मी घेणार नाही, आणि दुसऱ्या बाईच्या हातातही देऊ देणार नाही.