पाण्यामागून जाणारे धाकूकाका

भाट्याच्या धाकूकाकांना कमी ऐकू येतं, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत काढल्यावर दुसरं काय होणार? बोट सोडून ते घरी आले तेव्हा जवळ अवजारांची एक लोखंडी पेटी होती आणि स्वस्थ बसायची सवय नव्हती. बोटीवरची कपडे धुण्याची मशीनं तेच दुरुस्त करत. इथेही तेच सुरू केलं. मशीनवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आत काय चाललंय ते सांगायचं.

मे महिन्यात मात्र एका घरी मशीनच्या पायाचा नट सैल राहिला. पिळायला लागल्याबरोबर मशीन उड्या मारत न्हाणीघरभर फिरलं आणि नळ मोडून थांबलं. काका पाठमोरे उभे होते, त्यांना खडखडाट ऐकूच आला नाही. मुंबईहून मुलाचा, निलेशचा फोन आला, “आणखी एकदा असं झालं ना बाबा, तर ती पेटी मी घेऊन जाणार.” तेव्हापासून काकांना कुणी बोलावलं की सून ऋतिकाच म्हणायची, “त्यांनी काम बंद केलंय.”

मलाही तिने तेच सांगितलं. पण आमचं मशीन तीन दिवस अर्धं काम करून अडत होतं. धुऊन व्हायचं, खळबळायच्या वेळी दिवे लुकलुकायचे आणि गढूळ पाण्यात कपडे तसेच. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण उघडून बघितलं आणि “बोर्ड गेलाय, नवीन मागवावा लागेल” म्हणून निघून गेला. इकडे माझ्या यज्ञेशचे शाळेचे दोन्ही गणवेश ओले. पोराची छाती भरते, त्याला दमट कपड्यांत कशी पाठवू? मी पुन्हा फोन केला. शेवटी आज दुपारी ऋतिकाच काकांना स्कूटरवरून घेऊन आली.

“मी नुसती बघायला आल्ये हां ताई,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “निलेशने सांगितलंय, काय होतं ते कळव.”

काका तोवर पडवीत मशीनपाशी उकिडवे बसले होते. मशीन भिंतीपासून ओढलं, डुगडुगत होतं म्हणून एक पाय फिरवून उंच केला. पाणी भरलं, कपडे घुसळले गेले, मग सगळं थांबलं. दिवे लुकलुकले. काकांनी मागच्या जाड पाइपवर हात ठेवला.

“पाणी जातं कुठे?”

“नारळाच्या आळ्यात,” मी ओरडून सांगितलं.

“चला, दाखवा.”

कंपनीचा माणूस परसात आलाच नव्हता. काका मात्र पाइप चाचपत अळवातून थेट माडापर्यंत गेले. पाइप पाण्याने टम्म फुगला होता. टोक वर उचललं आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. टोकाला मच्छरदाणीचं कापड सुतळीने घट्ट बांधलेलं होतं, आणि त्यावर धाग्यांचा नि मातीचा गच्च थर बसला होता.

“हे कुणी केलं?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “मी. गेल्या महिन्यात मोरीत साप निघाला होता, काका, दिवड. मला वाटलं, पाइपातून घरात शिरली तर...”

“आणि मशीनात गेली तर?” काका गंभीरपणे म्हणाले. “स्वच्छ धुऊन निघाली असती, वहिनी.”

ऋतिका पदर तोंडाला लावून हसायला लागली. काकांनी सुतळी कापली. पाणी असं उसळलं की आम्हा दोघींचे पाय लाल चिखलाने भरले. पडवीत मशीनने एकदम सूर धरला आणि ते पिळायला लागलं. काका अळवातच उभे होते, तोंडभर हसत. मे महिन्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात मला तो आवाज आला. कट कट, कट कट, प्रत्येक फेऱ्याला वाढत जाणारा. फिरवलेल्या पायाचा नट आवळायचा राहिला होता. काका अजून पाइप झटकत होते.

ऋतिका धावली. बटण बंद केलं, काकांना हाताला धरून आणलं आणि त्यांचा तळहात मशीनच्या कडेवर ठेवला. मग बटण पुन्हा दाबलं. क्षणभरच. काकांचं हसू मावळलं. मशीन थांबल्यावर ते खाली बसले आणि पाना घेऊन नट आवळू लागले. एकदा आवळून झाला, तरी पुन्हा आवळला.

ऋतिकाचा फोन वाजला. निलेश होता. काका तिच्या ओठांकडे बघत होते.

“पाइप तुंबला होता,” ती म्हणाली. “झालं. चाललंय आता... नाही, तुटलं-फुटलं काही नाही... नट सैल होता, मी होते ना इथे! ... पेटी कुठे जात नाही. मी जाईन त्यांच्याबरोबर.”

तिने फोन ठेवला आणि काकांसमोर उभी राहून सावकाश सांगितलं, “एकट्याने जायचं नाही. मी असेन तरच.”

“तुला मशीनमधलं काय कळतं गो?”

“काही नाही. पण ऐकू येतं.”

काकांनी पाना फडक्याने पुसला, उलटसुलट करून पाहिला. “मग रोज नऊला तयार राहायचं,” ते गुरगुरले. “मी कुणासाठी थांबत नाही.”

“दुपारी दोन. सकाळी माझी शिवणाची कामं असतात.”

“दीड,” काका म्हणाले, आणि पाना तिच्या हातात दिला.