मागच्या भिंतीतली सात भोकं

लिफ्ट तपासणे हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. इमारतीत जायचे, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, काय काय तुटू शकते याची यादी करायची आणि खाली सही ठोकायची. थोडक्यात, घाबरण्याचा पगार मिळत असे. बाकीची माणसे तेच काम फुकट करतात. अहवालाच्या शेवटी त्यांचे वाक्य ठरलेले असायचे, 'सर्व ठीक आहे, तरीपण...' त्यावरून कचेरीत त्यांना तरीपणसाहेब म्हणू लागले. निवृत्तीनंतर 'साहेब' गळून पडले, 'तरीपण' तेवढे उरले.

घरी बसून घाबरण्यासारखे फारसे काही सापडेना, म्हणून त्यांनी गॅरेज बांधायला काढले. घरामागे चढ होता, तो खणून जागा केली. तीन बाजूंना पोकळ सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती. त्यातली मागची भिंत छातीच्या उंचीपर्यंत थेट मातीला टेकलेली. गवंडी म्हातारा, शब्दसुद्धा मोजून लावणारा. त्याने भिंतीला मातीच्या बाजूने डांबर फासले, भिंत आणि माती यांच्यामध्ये खडी भरली, आणि सर्वांत खालच्या ओळीत अंगठ्याएवढी सात भोके आरपार ठेवली. मागे साचलेले पाणी त्यातून यावे आणि जमिनीच्या कडेच्या नालीतून बाहेर जावे, असा हिशेब. पाण्याशी भांडायचे नसते, त्याला वाट द्यायची असते, एवढे सांगून तो दुसऱ्या कामावर गेला.

तरीपणांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीसमोर उकिडवे बसले आणि त्या भोकांकडे बघत राहिले. भोक दिसले की दोष लिहायचा, ही सवय हाडात मुरलेली. इथून विंचू येणार, उंदीर येणार. आणि खुद्द पाणीच येणार! ओल येऊ नये म्हणून बांधलेल्या भिंतीला ओलीसाठी सात दरवाजे ठेवणारा कारागीर त्यांना थकल्यासारखा वाटला. त्यांनी सिमेंट कालवले, सातही भोके ठासून भरली, घोटून अशी साफ केली की नंतर त्यांची त्यांनाच सापडेनात. वर पाणी न झिरपणाऱ्या रंगाचे दोन हात दिले. कोणाला काही बोलले नाहीत. आयुष्यात सही न करता केलेले हे त्यांचे एकमेव काम.

पहिले वर्ष पाऊस बेताचा झाला. भिंत खडखडीत राहिली आणि तरीपण तिच्याकडे जावयाकडे बघावे तसे बघू लागले. मधल्या काळात गाडीच्या मागे उरलेल्या जागेत बायकोने शिलाई मशीन आणून ठेवले. ती कपडे शिवायची. गिऱ्हाइके घर तुडवत येणार नाहीत, म्हणून ती खूश. मशीन मागच्या भिंतीला समांतर, आणि तिची पाठ भिंतीकडे.

दुसऱ्या वर्षी पाऊस तीन आठवडे थांबलाच नाही. एका सकाळी भिंतीवर, खालून तिसऱ्या ओळीत, रंगाला तळहाताएवढा फुगा आलेला दिसला. तरीपणांनी बोट लावले. आत काहीतरी थंड होते, आणि ते बाजूला सरकले. दुसऱ्या दिवशी असे तीन फुगे. त्यांनी माळ्यावरून ओळंबा काढून वरून सोडला. भिंत मधोमध एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे आली होती. चार दिवसांनी पुन्हा सोडला. दोन सूत. तोंडचे पाणी पळाले, भिंतीमागचे मात्र होते तिथेच होते.

बायकोला सांगावे तर भोकांपासून सांगावे लागणार. त्यापेक्षा मशीन हलवणे सोपे. उजेडाचे कारण काढून त्यांनी ते दाराशी आणले. तिथे पावसाचे शिंतोडे येतात म्हणून ती कुरकुरली, मग मला गाडीतच बसवा म्हणाली. पण कापडाची ट्रंक आणि कापायचे टेबल भिंतीशीच राहिले. ती दिवसातून वीस वेळा कात्री घेऊन तिकडे जायची, आणि ती गेली की तरीपण जीव मुठीत धरून तिला हाक मारायचे. चष्मा कुठे आहे? नाकावर असायचा. चहा झाला का? हातात असायचा. निवृत्तीने यांचे डोके सैल झाले आहे, असे तिने बहिणीला फोनवर सांगितले, यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. यांच्यापाठी दीडशे ब्लॉक होते. शेवटी ते गवंड्याकडे गेले. त्याचा खांदा निखळलेला, हात गळ्यात बांधलेला. तरीपण म्हणाले की एका ओळखीच्या माणसाची भिंत पुढे येते आहे. गवंड्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"त्या ओळखीच्या माणसाने भोकं बुजवली का?"

तरीपणांनी पायातल्या चपलांकडे पाहिले.

"सातही?" गवंड्याने विचारले.

"सातही."

गवंडी तसाच उठून त्यांच्याबरोबर निघाला. गॅरेजात त्याने भिंतीवर बोटाची गाठ वाजवली. वर पोकळ आवाज, खाली भरीव. मागच्या खडीत आणि ब्लॉकांच्या पोटात, कमरेपर्यंत पाणी उभे आहे, तो म्हणाला. तुम्ही गॅरेज नाही, टाकी बांधलीत. माझा हात चालत नाही, तेव्हा ड्रिल तुम्हीच धरा. भिंत पडेल का, असे तरीपणांनी विचारले. गवंडी म्हणाला, पडायची असेल तर भोके न पाडताही पडेल.

हे सगळे दारात उभ्या असलेल्या बायकोने ऐकले. तरीपणांना वाटले, आता ती ओरडेल. ती आत आली, ट्रंक ओढून बाहेर नेली, परत आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर जा, असे त्यांनी दोनदा सांगितले. ती गेली नाही.

मांडी घालून ते भिंतीच्या पायथ्याशी बसले. डोक्यावर दोन सूत झुकलेले सिमेंट. ड्रिल जरा आत गेले की ते थांबून भिंतीकडे बघत. पहिले भोक कोरडे. दुसरे कोरडे. त्यांनी मागे वळून गवंड्याकडे पाहिले. घाबरून अर्ध्यावर थांबताय, तो म्हणाला, आरपार जाऊ द्या. तरीपणांनी डोळे मिटले आणि त्याच दुसऱ्या भोकात सगळे वजन टाकले. ड्रिल एकदम पोकळीत गेले. थंडगार, गढूळ पाण्याची धार थेट त्यांच्या मांडीवर बसली. वाटले, संपले. पण भिंत उभीच होती, आणि ते भिजलेले, जिवंत होते.

पहिले अर्धवट धरून उरलेली सहा त्यांनी त्याच दुपारी पाडली. नाली संध्याकाळपर्यंत वाहत होती. गवंड्याने एका हाताने ओळंबा सोडून पाहिला. दोन सूतच. भिंत मागे जाणार नाही, पण आता पुढेही येऊ नये, तो म्हणाला. पुढचा पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला मोजत राहा, आणि तीन सूत झाले तर विचार करत बसू नका, मला बोलवा. 'येऊ नये' म्हणजे नक्की काय, हे तरीपणांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले. गवंडी चप्पल घालून गेला.

आठ दिवस धार कमी होत होत थेंबांवर आली. दोन सूत. नवव्या दिवशी बायको म्हणाली, दाराशी बसून पाठ धरली, मशीन परत भिंतीशी लावायचे. तरीपण म्हणाले, अजून एक आठवडा बघू या. तिने मशीनचे एक टोक धरले होते.

"भीती वाटत असेल तर वाटू द्या," ती म्हणाली, "पण तुमचं टोक उचला."

त्यांनी उचलले.